ईपीएस-९५ चा दावा: पंचावन्नाव्या वर्षी सुरू करायचे काम

‘पेन्शनचा फॉर्म कधी भरायचा?’ हा प्रश्न घेऊन कामगार येतो, तेव्हा त्याला अठ्ठावन्न पूर्ण व्हायला महिना-दीड महिना उरलेला असतो. फॉर्म भरायला तेवढे दिवस पुष्कळ झाले. पण पेन्शनचा आकडा त्या फॉर्मच्या कितीतरी आधी ठरून गेलेला असतो. वीस-पंचवीस वर्षांत कोणत्या कंत्राटदाराने काय नोंदवले, मध्ये कुठे पैसे काढले, जन्मतारीख कोणी कशी लिहिली, यावर तो ठरतो. या नोंदी सरळ करायला वर्ष-दोन वर्षे सहज जातात. म्हणून दावे भरून देणारे आम्ही लोक पंचावन्नावे लागले की कागद बाहेर काढायला सांगतो.

हे सगळे कर्मचारी पेन्शन योजना १९९५, म्हणजेच ईपीएस-९५, बद्दल आहे. कारखाने, साखर कारखाने, एसटी, सहकारी संस्था, सिक्युरिटी आणि सफाईचे ठेके, जिथे पीएफ कापला जातो तिथे बहुधा हीच योजना लागू असते. १६ नोव्हेंबर १९९५ ला ती सुरू झाली. मालक पीएफचा जो १२ टक्के हिस्सा भरतो त्यातले ८.३३ टक्के पेन्शनच्या खात्यात जातात आणि उरलेले ३.६७ टक्के पीएफमध्ये. कामगाराच्या पगारातून कापलेले पैसे पूर्णच्या पूर्ण पीएफमध्ये जातात. केंद्र सरकार वरून १.१६ टक्के घालते. ज्या पगारावर हे मोजायचे त्याला कमाल मर्यादा आहे. १ जून २००१ पासून ती ६,५०० रुपये होती आणि १ सप्टेंबर २०१४ पासून १५,००० आहे. पगार चाळीस हजार असला तरी पेन्शनच्या खात्यात महिन्याला १,२५० रुपयेच पडतात.

सूत्र सोपे आहे: सरासरी पगार गुणिले सेवेची वर्षे, भागिले ७०. किमान दहा वर्षांची सेवा हवी. सहा महिने किंवा जास्त असतील तर ते पूर्ण वर्ष धरतात, सहापेक्षा कमी असतील तर सोडून देतात. म्हणून ९ वर्षे ६ महिने म्हणजे दहा वर्षे, आणि ९ वर्षे ५ महिने म्हणजे नऊ. त्या एका महिन्यावर आयुष्यभराची पेन्शन अवलंबून असते.

२०१४ मध्ये या सूत्रातला ‘सरासरी पगार’ बदलला. आधी शेवटच्या १२ महिन्यांची सरासरी घेत, आता ६० महिन्यांची घेतात. शिवाय १ सप्टेंबर २०१४ पूर्वीच्या सेवेसाठी पगार जास्तीत जास्त ६,५००च धरतात आणि नंतरच्या सेवेसाठी १५,००० पर्यंत. वाचताना हा हिशेबातला किरकोळ फेरफार वाटतो. प्रत्यक्ष मांडून पाहिला की त्याचे वजन कळते.

समजा, एक कामगार १ सप्टेंबर २००७ ला लागला आणि ३१ ऑगस्ट २०२५ ला त्याला ५८ पूर्ण झाली. सेवा १८ वर्षे, त्यातली ७ बदलापूर्वीची आणि ११ नंतरची. शेवटच्या पाच वर्षांत त्याचा बेसिक आणि डीए मिळून पगार अनुक्रमे ९, १०, ११, १२ आणि १३ हजार होता. साठ महिन्यांची सरासरी ११,००० आली. पहिल्या सात वर्षांचे ६,५०० गुणिले ७ भागिले ७०, म्हणजे ६५० रुपये. पुढच्या अकरा वर्षांचे ११,००० गुणिले ११ भागिले ७०, म्हणजे १,७२९. एकूण २,३७९. सरासरी बारा महिन्यांचीच राहिली असती तर दुसरा आकडा १३,००० वर निघाला असता आणि पेन्शन २,६९३ झाली असती. महिन्याला ३१४ रुपयांचा फरक. ज्याचे घर २,३७९ वर चालायचे आहे त्याच्यासाठी हे पैसे म्हणजे रक्तदाबाच्या गोळ्या आणि गॅस सिलिंडरचा एक हिस्सा.

आता हाच नियम दोन जणांना लावून पाहा. पगार बरीच वर्षे १५,००० च्या वर असलेल्या माणसाची सरासरी बारा महिन्यांची घेतली काय आणि साठ महिन्यांची घेतली काय, मर्यादेमुळे १५,०००च येते. त्याचे काही जात नाही. ज्याचा पगार १५,००० च्या खाली आहे आणि हळूहळू वाढतो आहे, त्याचाच आकडा खाली येतो. सरासरीची मुदत वाढवण्याचा बोजा असा नेमका कमी पगारवाल्यावर पडला. ४ नोव्हेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही साठ महिन्यांची सरासरी कायम ठेवली, त्यामुळे तो दरवाजा सध्या बंद आहे.

बाजूला सरकारी नोकरीचा हिशेब ठेवायलाच हवा. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांसाठी १ एप्रिल २०२५ पासून युनिफाइड पेन्शन स्कीम आली. तिच्यात २५ वर्षांच्या सेवेला शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी बेसिकच्या ५० टक्के पेन्शन आहे. दहा वर्षे झालेल्याला किमान १०,००० रुपये आणि त्यावर महागाई दिलासा. ईपीएसमध्ये किमान पेन्शन १,००० रुपये आहे. १ सप्टेंबर २०१४ ला ती ठरली, तेव्हापासून तेवढीच आहे, आणि तिला महागाई भत्ता जोडलेला नाही. भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्यसभेच्या याचिका समितीने २०१३ मध्येच ती ३,००० करावी असे म्हटले होते. पेन्शनधारकांची मागणी ७,५०० आणि त्यावर महागाई भत्ता अशी आहे. हा आकडा कोणाला फार वाटत असेल तर त्याने सूत्रात १५,००० पगार आणि पूर्ण ३५ वर्षे घालून पाहावी. उत्तर ७,५००च येते. १ सप्टेंबर २०१४ ला कामाला लागून कमाल मर्यादेवर एकही महिना न चुकता भरणा झालेल्या माणसाची पस्तीस वर्षे २०४९ ला भरतील.

आता कामाला लागू. पंचावन्नाव्या वर्षी पहिले काम म्हणजे सगळी खाती एका कागदावर मांडणे. पीएफ क्रमांक, मालकाचे नाव, लागल्याची तारीख, सोडल्याची तारीख, आणि सोडताना काय केले: पैसे काढले, ट्रान्सफर केले की तसेच ठेवले. यूएएन, म्हणजे माणसाची सगळी पीएफ खाती एकत्र जोडणारा क्रमांक, २०१४ मध्ये आला, त्यामुळे त्याआधीची खाती आपोआप दिसतीलच असे नाही. जुनी पगार स्लिप, पीएफची वार्षिक स्लिप, नेमणूकपत्र, ईएसआयसीचे कार्ड, यांतल्या कशावर तरी ‘एमएच’ने सुरू होणारा जुना क्रमांक सापडतो. ट्रंकेच्या तळाशी पडलेला चुरगळलेला कागद टाकून देऊ नका. दर महिन्याचा भरणा नावानिशी ऑनलाइन जायला लागला तो २०१२ पासून. त्याआधीची सेवा सिद्ध करायला बऱ्याचदा तोच एक कागद उरतो.

या मांडणीत सगळ्यांत मोठे भोक दिसते ते दहा-सी फॉर्मचे. सेवा दहा वर्षांपेक्षा कमी असताना नोकरी सुटली तर पीएफसाठी फॉर्म १९ आणि पेन्शनच्या पैशांसाठी फॉर्म १०-सी भरून दोन्ही काढता येतात. ठेका बदलला की दोन्ही फॉर्मवर सह्या घ्यायच्या, हा रिवाज कंत्राटी कामात सर्रास आहे. हातात काही हजार येतात, मुलीच्या फीला किंवा घराच्या पत्र्याला लागून जातात, आणि त्याबरोबर तेवढी वर्षे पुसली जातात. चार ठेक्यांत मिळून अठरा वर्षे राबलेला माणूस अठ्ठावन्नाव्या वर्षी शेवटच्या सहा वर्षांचाच धनी राहतो. सहा वर्षांना पेन्शन नाही. त्याच जागी, त्याच झाडूने, पण कायम कामगार म्हणून राहिलेल्याची अठरा वर्षे सलग असतात, कारण त्याच्यापुढे कोणी दहा-सी ठेवलाच नाही.

काढलेली सेवा परत जोडता येत नाही. पण न काढलेली वाचवता येते. दोन मार्ग आहेत. नवी नोकरी असेल तर जुने खाते नव्यात ट्रान्सफर करायचे. नसेल तर १०-सी फॉर्ममध्येच पैशांऐवजी ‘स्कीम सर्टिफिकेट’ मागायचे. त्यावर सेवेची वर्षे आणि कुटुंबीयांची नावे लिहून येतात आणि पुढे दाव्याला ते जोडता येते. ट्रान्सफरनंतर नव्या पासबुकात पेन्शनच्या रकान्यात शून्य दिसते, आणि ‘माझे पेन्शनचे पैसे गेले’ म्हणून माणसे घाबरतात. ते पैसे गेलेले नसतात. ट्रान्सफरमध्ये पीएफची रक्कम पुढे येते, पेन्शनची फक्त सेवा पुढे येते. म्हणून शून्याकडे न पाहता ‘सर्व्हिस हिस्टरी’त जुनी वर्षे जोडली गेली का ते पाहा.

पासबुक पाहतानाही नुसती शिल्लक पाहून भागत नाही. प्रत्येक महिन्याच्या ओळीत पेन्शनचा वेगळा रकाना असतो. त्यात मध्येच तीन-चार महिने रिकामे असतील तर त्या काळात भरणा झाला नाही किंवा बिनपगारी दिवस दाखवले गेले. या दिवसांना एनसीपी म्हणतात. पूर्ण सेवेतले असे दिवस एकत्र करून वजा होतात. महिन्यातले चार दिवस खाडा म्हणून दाखवले तर वर्षाला अठ्ठेचाळीस होतात. पंधरा वर्षांत ते सातशे वीस, म्हणजे दोन वर्षांच्या आसपास. वरच्या उदाहरणातल्या ११,००० च्या सरासरीने एका वर्षाची किंमत महिन्याला १५७ रुपये पडते. २० वर्षे भरून ५८ व्या वर्षी निवृत्त होणाऱ्याला दोन वर्षे जादा धरून मिळतात. एकोणीसवाल्याला एकोणीस आणि वीसवाल्याला बावीस, असा तिथे तीन वर्षांचा फरक पडतो. म्हणजे महिन्याला सुमारे ४७१ रुपये. एनसीपी दिवस खरोखर गैरहजेरीचे आहेत की ठेकेदाराने भरणा वाचवायला दाखवलेत, हे हजेरीच्या मस्टरशी ताडूनच कळते, आणि मस्टर ठेकेदाराकडे असते. ज्यांनी स्वतःच्या डायरीत हजेरी लिहून ठेवली आहे, त्यांच्याशी वाद घालणे त्यालाही जड जाते.

ठेकेदाराने भरणाच केला नसेल तर मूळ कंपनीला विचारा. ठेक्यावरच्या कामगारांचा पीएफ भरला जाण्याची जबाबदारी कायद्याने मुख्य मालकावरही आहे. तक्रार करताना ‘पीएफ भरत नाही’ एवढेच लिहिले तर ती फिरत राहते. ठेकेदाराचा पीएफ कोड, कामाची जागा, मुख्य कंपनीचे नाव, कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, आणि पगार बँकेत जमा झाल्याचे स्टेटमेंट जोडा. दर महिन्याच्या २७ तारखेला प्रत्येक जिल्ह्यात पीएफ कार्यालयाचे ‘निधी आपके निकट’ शिबिर असते, तिथे कागद घेऊन प्रत्यक्ष जाता येते. ऑनलाइन तक्रार घातलेली असेल तर तिचा क्रमांकही बरोबर न्या.

पगाराच्या स्लिपमध्ये आणखी एक गोष्ट दडलेली असते. एकूण पगार चौदा हजार, पण बेसिक आणि डीए मिळून सात, बाकीचे ‘स्पेशल अलाउन्स’, ‘कन्व्हेयन्स’, ‘अदर’. पीएफ सातवरच कापतात, आणि पेन्शनही सातवरच बसते. हातात चार पैसे जास्त येतात म्हणून तेव्हा कोणी बोलत नाही. सगळ्यांना सरसकट मिळणारे असे भत्ते पीएफसाठी पगारातच धरायचे, असे सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१९ ला स्पष्ट केले आहे. शेवटची पाच वर्षे सरासरीत येतात, म्हणून हा मुद्दा त्रेपन्नाव्या वर्षी काढला तर पूर्ण उपयोगाचा, अठ्ठावन्नाव्या वर्षी काढला तर जवळजवळ निरुपयोगी.

साखर कारखान्यातल्या हंगामी कामगारांसाठी थोडे सविस्तर, कारण इथे हक्क चांगला आहे आणि नोंदीच वाईट आहेत. योजनेच्या नवव्या परिच्छेदात म्हटले आहे की हंगामी कामगाराने वर्षात केलेली प्रत्यक्ष सेवा वर्षापेक्षा कमी असली तरी ते पूर्ण वर्ष धरायचे. गाळप पाच महिने चालले तरी पेन्शनला वर्ष पूर्ण. दहा हंगाम म्हणजे दहा वर्षे. पण कारखान्याच्या टाइम ऑफिसात दर हंगामाच्या शेवटी ‘नोकरी सोडली’ अशी तारीख घालून पुढच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्याच माणसाला नव्याने भरती दाखवले, तर संगणकात तो हंगामी न राहता दरवर्षी नोकरी सोडून जाणारा माणूस होतो. त्याच्या नावावर पाच-पाच महिन्यांचे तुकडे पडतात. बारा हंगामांचे साठ महिने, म्हणजे पाच वर्षे, आणि दावा नामंजूर. त्यावर उपाय कारखान्याच्या पत्राचा: हा कामगार अमुक हंगामापासून अमुक हंगामापर्यंत हंगामी म्हणून सलग कामावर होता, हंगामनिहाय तारखा अशा. जोडीला हंगामी कामगारांच्या यादीची प्रत. दुसरे म्हणजे, बंद हंगामात मिळणारा रिटेन्शन अलाउन्स. पीएफ कायद्याने तोही वर्गणीसाठी पगारातच धरायचा असतो. त्यावर भरणा झाला आहे का, हे मे ते सप्टेंबरच्या ओळींत पाहा. ऊसतोड मजुरांकडे मात्र पाहायला पासबुकच नसते. त्याच उसावर, त्याच हंगामात राबणारा तोडणी मजूर मुकादमाच्या उचलीवर असतो आणि या योजनेच्या पूर्ण बाहेर राहतो.

जन्मतारीख आणि नाव, हे दावा अडण्याचे सर्वांत सामान्य कारण. भरती करताना कारकुनाने अंदाजे १ जून लिहिलेले असते, आधारवर फक्त वर्ष असते, शाळेच्या दाखल्यात तिसरेच. जानेवारी २०२४ पासून पीएफच्या कामात आधार हा जन्मतारखेचा पुरावा धरला जात नाही. शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला मिळवून ठेवा. गावची जिल्हा परिषदेची शाळा जुन्या रजिस्टरवरून दाखल्याची दुय्यम प्रत देते, फक्त तिथवर जायला हवे. दुरुस्तीसाठी जॉइंट डिक्लेरेशन भरतात. त्यावर कामगार आणि मालक दोघांची मान्यता लागते. ज्यांचे यूएएन १ ऑक्टोबर २०१७ नंतर आधार तपासून निघाले आहेत, त्यांना बऱ्याच दुरुस्त्या आता स्वतः करता येतात. पण पंचावन्नच्या पुढचे बहुतेक कामगार त्याआधीचे. मालकाची मान्यता त्यांनाच लागते, आणि बंद पडलेल्या कंपन्याही त्यांच्याच वाट्याला आलेल्या. कंपनी बंद असेल तर राजपत्रित अधिकारी किंवा नोटरीसारख्या मान्य व्यक्तीचे साक्षांकन घेऊन अर्ज करता येतो. एका अर्जात सगळ्या दुरुस्त्या एकदमच मागा.

स्त्रियांच्या दाव्यांत अडचण दुप्पट. माहेरच्या नावाने भरती, सासरच्या नावाने आधार, बँकेत तिसरेच. विवाह नोंदणीचा दाखला नसेल तर तो आधी काढा किंवा नावबदल राजपत्रात प्रसिद्ध करून घ्या. यात दोन-तीन महिने जातात. मुलांसाठी नोकरीत खंड पडलेली बाई दहा वर्षांच्या उंबऱ्याशीच असते. तिची जुनी एक-दोन वर्षे शोधून जोडली तर ती पेन्शनला पात्र होते, नाहीतर काहीच नाही. म्हणून बायकांची जुनी खाती आम्ही आधी शोधायला घेतो.

पासबुकात उलट्या बाजूची चूकही शोधा. ५८ पूर्ण झाले की पेन्शन योजनेचे सदस्यत्व संपते, नोकरी साठपर्यंत चालू असली तरी. त्यानंतर मालकाचे सगळे १२ टक्के पीएफमध्ये जायला हवेत. पगार करणाऱ्या मुलाने जुनी सेटिंग तशीच ठेवली तर ८.३३ टक्के पेन्शनकडे जात राहतात, आणि मग दावा ‘५८ नंतर पेन्शन वर्गणी भरली आहे’ म्हणून परत येतो. ही चूक मालकानेच सुधारून द्यावी लागते. अठ्ठावन्न पूर्ण झालेल्या महिन्यातच पगार विभागाला लेखी कळवा आणि पोच घ्या. नोकरी चालू असतानाही ५८ ला पेन्शन सुरू करता येते, नोकरी संपायची वाट पाहायला नको.

५८ च्या आधी नोकरी गेली तर काय? पन्नास पूर्ण आणि दहा वर्षे सेवा असेल तर लवकर पेन्शन मिळते, पण ५८ ला जितकी वर्षे कमी, तितक्या प्रत्येक वर्षामागे ४ टक्के कपात. २६ सप्टेंबर २००८ पूर्वी हा दर ३ टक्के होता. चौपन्नाव्या वर्षी घेतली तर पंधरा-सोळा टक्के जातात. हे अनेकांना नीट सांगितले जात नाही, म्हणून इथे ठासून सांगतो: ही कपात कायमची आहे. अठ्ठावन्न झाल्यावर पेन्शन पुन्हा पूर्ण होत नाही. उलट जो ५८ नंतर थांबतो, पेन्शन साठपर्यंत पुढे ढकलण्याचा पर्याय देतो, त्याला दर वर्षी ४ टक्के वाढवून मिळते. टाळे लागलेल्या कारखान्यातला फिटर थांबू शकत नाही, घरात दुसरा पगार असलेला सुपरवायझर थांबतो. एकाच दराने एकाची कमी होते आणि दुसऱ्याची वाढते. थोडाही निभाव लागत असेल तर लवकर पेन्शन घेऊ नका. स्कीम सर्टिफिकेट काढा आणि जमेल ते पीएफवाले काम धरा, म्हणजे सेवाही वाढते.

जादा पगारावरच्या ‘हायर पेन्शन’बद्दल अजूनही विचारणा होते. २०२२ च्या निकालानंतरचा, कामगार आणि मालक दोघांनी मिळून द्यायचा संयुक्त पर्याय देण्याची मुदत ११ जुलै २०२३ ला संपली. १५,००० च्या आत पगार असलेल्यांना त्यात मिळण्यासारखे काही नव्हतेच. मर्यादेबाहेरच्या पगारावर पीएफ कापला गेल्याची जुनी कागदपत्रे ज्यांच्या कंपनीच्या एचआरने काढून दिली, आणि मागची वर्गणी व्याजासह परत भरायला ज्यांच्याकडे पैसे होते, त्यांना तो मार्ग खुला झाला.

आता फॉर्म १०-डी, म्हणजे पेन्शनचा प्रत्यक्ष दावा. वरचे सगळे झालेले असेल तर हे अर्ध्या तासाचे काम आहे. यूएएनला आधार, पॅन आणि बँक जोडलेली, ई-नॉमिनेशन (वारसांची ऑनलाइन नोंद) भरलेले, नोकरी सोडल्याची तारीख आणि कारण नोंदलेले, एवढे असेल तर ऑनलाइन भरा. सोडल्याची तारीख मालकाने घातली नसेल तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी सदस्याला स्वतः घालता येते. कागदी फॉर्म भरणार असाल तर नवरा-बायकोचा एकत्र फोटो, पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत किंवा रद्द केलेला चेक, पंचवीस वर्षांखालच्या मुलांचे जन्मपुरावे, आणि असतील ती सगळी स्कीम सर्टिफिकेट लागतात. बँकेचे खाते चालू आहे का, हे छोटीशी रक्कम काढून तपासा. वर्षानुवर्षे न वापरलेले खाते गोठलेले असते आणि पेन्शन परत जाते. खात्यावरचे नाव आणि यूएएनवरचे नाव अक्षरन् अक्षर जुळवा. पूर्ण असलेला दावा निकाली काढायची मुदत २० दिवसांची आहे. परत आला तर कारणाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि नेमके तेवढेच कारण दूर करून पुन्हा घाला. घाईने तोच फॉर्म तसाच पुन्हा पाठवला की तोच शेरा पुन्हा येतो.

१ जानेवारी २०२५ पासून पेन्शन कोणत्याही बँकेच्या कोणत्याही शाखेत घेता येते. मुंबई-पुण्यात नोकरी करून गावी परतणाऱ्यांना आता पेन्शनची फाइल एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात हलवत बसावे लागत नाही. ही सुधारणा खरोखर चांगली झाली.

पेन्शन सुरू झाल्यावर दर वर्षी हयातीचा दाखला. तो नोव्हेंबरातच द्यायचा असा समज आहे, पण ईपीएसमध्ये दिल्याच्या तारखेपासून बारा महिने चालतो. लेथवर, भट्टीवर, गवंडीकामात आयुष्य गेलेल्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. मशीनवर अंगठा चार-चार वेळा दाबूनही उमटत नाही, आणि केंद्रावरचा मुलगा ‘उद्या या’ म्हणतो. उद्याही उमटणार नसतो. त्यांचा दाखला चेहऱ्यावरून काढा. मोबाइलमध्ये आधारचे फेस आरडी आणि जीवन प्रमाण ही दोन अ‍ॅप टाका, पीपीओचा, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या कागदाचा, क्रमांक आणि खाते क्रमांक हाताशी ठेवा, उजेड समोरून येईल असे बसवा. नातवालाही जमते.

पीपीओ हातात आला की त्यातले चार आकडे स्वतः ताडा: सेवेची वर्षे, सरासरी पगार, २०१४ पूर्वीची आणि नंतरची विभागणी, आणि एकूण रक्कम. वरच्या सूत्राने कागदावर गुणाकार-भागाकार करून पाहा. दहा रुपयांचा फरक सोडून द्या, दोनशेचा सोडू नका. त्यानंतर बायकोचे नाव आणि तिची जन्मतारीख पाहा. पेन्शनर गेल्यावर तिला निम्मी पेन्शन मिळते, किमान १,००० रुपये, आणि तिच्यासाठीही तोच १०-डी फॉर्म आहे. नोकरीत असतानाच मृत्यू झाला तर दहा वर्षांची अट नाही, एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी विधवा पेन्शन लागते. दोन मुलांना पंचवीस वर्षांपर्यंत प्रत्येकी तिच्या पेन्शनचा पाव हिस्सा. पीपीओवर तिचे नाव चुकले असेल तर ते पेन्शनर जिवंत असतानाच त्याच्या एका अर्जावर सुधारते. पीपीओची एक झेरॉक्स तिच्या कागदांत ठेवा, आणि मूळ प्रत घरात कुठे आहे ते तिला दाखवून ठेवा.